पापणी पडते, मग छातीचं ऑपरेशन कशाला? थायमस ग्रंथी दुर्बिणीतून काढण्याबद्दल

सकाळी उठल्यावर चेहरा व्यवस्थित असतो. दुपारनंतर एक पापणी जड होऊन खाली येऊ लागते. संध्याकाळी समोरच्या गोष्टी दोन-दोन दिसतात, रात्री भाकरी चावताना जबडा मध्येच थांबतो, बोलता बोलता आवाज नाकातून येऊ लागतो. झोप झाली की सकाळी पुन्हा बरंचसं ठीक. वापराबरोबर वाढणारा आणि विश्रांतीने ओसरणारा हा अशक्तपणा मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजाराची मोठी खूण आहे. ती ओळखली जाईपर्यंत अनेकांचा चष्म्याचा नंबर बदलून होतो, व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन होतात, ‘टेन्शन घेऊ नका’ हेही ऐकून होतं. शेवटी न्यूरॉलॉजिस्टकडे पोचल्यावर रक्ताची तपासणी, नसांची तपासणी, छातीचा सीटी स्कॅन होतो आणि डॉक्टर सांगतात, छातीतली थायमस नावाची ग्रंथी काढलेली बरी.

मग घरात प्रश्न सुरू होतात. दुखणं डोळ्याचं, तर ऑपरेशन छातीचं का? दुर्बिणीतून होईल का? रोबोटने केलं तर जास्त चांगलं का? ग्रंथी काढली की प्रतिकारशक्ती जाईल का? हे सगळे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं साध्या भाषेत देता येतात. ती देण्यासाठीच हा लेख.

थायमस ही छातीच्या मधल्या सपाट हाडाच्या, म्हणजे उरोस्थीच्या लगेच मागे असते. तिच्यामागे हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या. तिच्या दोन पाळ्या असतात. खाली त्या हृदयाच्या आवरणावर पसरलेल्या असतात आणि वर त्यांची दोन निमुळती टोकं गळ्यापर्यंत गेलेली असतात. लहान बाळाच्या छातीच्या एक्स-रेमध्ये तिची सावली ठळक दिसते. वयात येईपर्यंत ती वाढते, साधारण ३० ते ४० ग्रॅमची होते आणि नंतर हळूहळू आक्रसत जाते. तिची जागा चरबी घेते. चाळिशीच्या माणसाच्या छातीत ग्रंथी कुठे संपते आणि चरबी कुठे सुरू होते, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. ही गोष्ट लक्षात असू द्या, कारण ऑपरेशनातला सगळ्यात अवघड भाग यातूनच निघतो.

ही ग्रंथी करते काय, हे १९६१ पर्यंत नीट माहीत नव्हतं. त्या वर्षी लंडनमध्ये काम करणाऱ्या जॅक मिलर यांनी दाखवून दिलं की नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली तर ते जंतुसंसर्गाला सहज बळी पडतात आणि दुसऱ्या उंदराची कातडी लावली तरी त्यांचं शरीर ती नाकारत नाही. अस्थिमज्जेत जन्मलेल्या काही पांढऱ्या पेशी थायमसमध्ये येतात आणि आपलं काय, परकं काय हे ओळखायला शिकतात. आपल्याच शरीरावर उलटतील अशा पेशी तिथेच मारल्या जातात. या चाळणीतून फार थोड्या पेशी बाहेर पडतात. त्याच टी-पेशी.

मायस्थेनियात बिघडतं ते नस आणि स्नायू जिथे भेटतात त्या ठिकाणी. मेंदूचा आदेश नसेच्या टोकाशी पोचला की तिथून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटतं आणि स्नायूवर बसलेले रिसेप्टर ते पकडतात. या रिसेप्टरविरुद्ध शरीर अँटीबॉडी तयार करू लागलं, की रिसेप्टर अडवले जातात आणि नष्टही होतात. पहिले काही आदेश तरीही पोचतात. पण तोच स्नायू पुन्हा पुन्हा वापरला की प्रत्येक वेळी सुटणारं रसायन कमी होत जातं आणि उरलेल्या थोड्या रिसेप्टरना ते पुरत नाही. दिवसभर उघडझाप करणारी पापणी आधी थकते ती यामुळे. मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं बर्फ धरला की अशी पापणी बऱ्याचदा थोडी वर येते, कारण थंडाव्यात हा निरोप जास्त चांगला पोचतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात या पेशंटांचे हाल होतात, ते याच्याच उलट कारणाने.

आता छातीशी संबंध. अंगभर पसरलेल्या मायस्थेनियाच्या सुमारे ८५ टक्के पेशंटांच्या रक्तात या रिसेप्टरविरुद्धची अँटीबॉडी सापडते. त्यांच्यातल्या अनेक तरुण पेशंटांची थायमस सुजलेली असते आणि तिच्यात अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. थायमसमध्ये काही पेशी स्नायूंसारख्या असतात आणि त्यांच्यावरही हाच रिसेप्टर असतो. शरीराचा हा घातक गैरसमज बहुधा तिथेच मूळ धरतो. शिवाय मायस्थेनियाच्या १० ते १५ टक्के पेशंटांच्या थायमसमध्ये गाठ असते, तिला थायमोमा म्हणतात. गाठ असेल तर ऑपरेशनाबद्दल फारसा वाद नाही, ती काढायची. गाठ नसताना ग्रंथी काढावी का, यावर मात्र डॉक्टरांनी जवळजवळ ७५ वर्षं वाद घातला.

वाद कसा मिटला

१९११ मध्ये झुरिचमध्ये फर्डिनांड साउअरब्रुख यांनी एका तरुणीची थायमस गळ्यातून काढली. तिला थायरॉइडचाही आजार होता आणि मायस्थेनियाही. ऑपरेशननंतर मायस्थेनिया कमी झाला. तेव्हा त्याचा अर्थ कुणाला पुरता लागला नाही. १९३४ मध्ये लंडनमधल्या ग्रिनिचमध्ये मेरी वॉकर या डॉक्टर बाईंनी फायसोस्टिग्मिनच्या इंजेक्शनने मायस्थेनियाच्या पेशंटची शक्ती काही काळ परत येते हे दाखवलं. आज दिली जाणारी पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच घराण्यातली. १९३६ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी उरोस्थी कापून एका तरुणीच्या थायमसमधली गाठ काढली आणि तिची तब्येत सुधारली. पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी गाठ नसलेल्या पेशंटांचीही थायमस काढली. जन्मजात हृदयदोषामुळे निळसर पडणाऱ्या बाळांवरच्या ऑपरेशनामुळे ज्यांचं नाव झालं, ते हेच ब्लॅलॉक. लंडनमध्ये जेफ्री केन्स यांनी, म्हणजे अर्थतज्ज्ञ केन्स यांच्या भावाने, अशी बरीच ऑपरेशनं केली.

पण मायस्थेनिया स्वतःहूनही चढउतार करतो, औषधांनीही सुधारतो. मग सुधारणा ऑपरेशनमुळे झाली की इतर कशाने? याचं उत्तर मिळायला चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पेशंट दोन गटांत वाटून तुलना करायला हवी होती. ऑक्सफर्डचे जॉन न्यूसम-डेव्हिस यांनी त्यासाठी ध्यास घेतला. २००६ मध्ये एमजीटीएक्स नावाची चाचणी सुरू झाली आणि २००७ मध्ये रुमानियात मोटार अपघातात न्यूसम-डेव्हिस गेले. निकाल २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. १२६ पेशंट, वय १८ ते ६५, सगळ्यांच्या रक्तात ती अँटीबॉडी, कुणालाही गाठ नाही, आजार पाच वर्षांच्या आतला. एका गटाला फक्त प्रेडनिसोन हे स्टिरॉइड, दुसऱ्याला स्टिरॉइड आणि ऑपरेशन. तीन वर्षं पाहिल्यावर ऑपरेशन झालेल्यांची ताकद जास्त होती आणि त्यांना स्टिरॉइड कमी लागत होतं, एकाआड एक दिवसाला सरासरी ४४ मिलिग्रॅम, दुसऱ्या गटाला ६०. आजार बळावून हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलेले ऑपरेशनच्या गटात ९ टक्के, दुसऱ्या गटात ३७ टक्के.

स्टिरॉइडच्या १६ मिलिग्रॅमचा फरक कागदावर लहान दिसतो. ज्याचा चेहरा सुजलाय, साखर वाढलीय, हाडं ठिसूळ होताहेत, त्याला विचारा तो किती मोठा आहे.

या चाचणीतली सगळी ऑपरेशनं उरोस्थी कापून केलेली होती. दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या ऑपरेशनाची अशी चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी तुलना झालेली नाही. मायस्थेनियाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१६ च्या एकमताच्या मार्गदर्शनात हे स्पष्ट लिहिलं आणि पुढे असंही म्हटलं की अनुभवी केंद्रांमध्ये लहान छेदांच्या पद्धती सुरक्षित ठरल्या आहेत आणि वेगवेगळ्या अभ्यासांची तुलना केली तर निकाल मोठ्या ऑपरेशनासारखेच दिसतात. डॉक्टरांनी पेशंटला हे दोन्ही भाग सांगायला हवेत.

आत नेमकं काय करतात

उरोस्थी कापून करायच्या पद्धतीत गळ्याखालपासून जवळजवळ पोटापर्यंत कातडी उघडतात, हाड करवतीने उभं कापतात, काम झाल्यावर ते स्टीलच्या तारांनी जोडतात. हाड पक्कं जुळायला सहा ते आठ आठवडे आणि कधी त्याहून जास्त जातात. तोवर वजन उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही. मायस्थेनियाचे अनेक पेशंट स्टिरॉइडवर असतात आणि स्टिरॉइडमुळे जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. या आजाराच्या तरुण पेशंटांमध्ये मुली आणि बायका जास्त असतात. छातीच्या मधोमध आयुष्यभर दिसणारा व्रण नको म्हणून किती जणींनी ऑपरेशन पुढे ढकललं असेल! त्यात गैर काहीही नाही, तीही खरी अडचण आहे.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला छातीची दुर्बीण, म्हणजे थोरॅकोस्कोपी, या कामासाठी वापरायला लागले. २००० नंतर रोबोट आला. पद्धत साधारण अशी असते. पेशंटला उताणं झोपवून एक बाजू किंचित उचललेली ठेवतात. श्वासनलिकेत दोन वाटांची नळी घालतात, म्हणजे भूलतज्ज्ञाला एकाच फुप्फुसाने श्वास चालू ठेवून ऑपरेशनच्या बाजूचं फुप्फुस मिटवता येतं. बरगड्यांच्या मधून सहसा तीन छोटे छेद घेतात, प्रत्येक साधारण अर्धा ते सव्वा सेंटिमीटर. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. कमी दाबाने कार्बन डायऑक्साइड सोडला की हृदयासमोरची जागा थोडी फुलते आणि हत्यारं फिरवता येतात.

मग सर्जन फ्रेनिक नस शोधतो. ही नस मानेतून निघून हृदयाच्या कडेने खाली उतरते आणि श्वासाचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, हलवते. उजवीकडे एक, डावीकडे एक. काढायच्या भागाची सीमा तीच: एका फ्रेनिक नसेपासून दुसऱ्या फ्रेनिक नसेपर्यंत आडवी आणि डायफ्रॅमपासून गळ्यातल्या टोकांपर्यंत उभी. नसेच्या अगदी जवळ विजेने जाळणारी हत्यारं जपून वापरावी लागतात, कारण उष्णतेनेही ती दुखावते. निरोगी माणसाचा अर्धा डायफ्रॅम लुळा पडला तर तो एखाद्या वेळी निभावून नेतो. ज्याचे श्वासाचे स्नायू आधीच दुबळे आहेत त्याला ते जिवावर बेतू शकतं.

खालून सुरुवात करून ग्रंथी हृदयाच्या आवरणावरून सोडवत वर नेतात. वरच्या भागात एक जाड निळी शीर आडवी जाते, डावी इनॉमिनेट शीर. थायमसचं रक्त छोट्या शिरांतून तिच्यात जातं. या छोट्या शिरा क्लिप लावून किंवा सील करून कापाव्या लागतात. इथे हात घसरला तर क्षणात खूप रक्त जातं आणि तसं झालं तर छाती उघडावी लागते. दुर्बिणीचं ऑपरेशन सुरू करतानाच ही तयारी ठेवलेली असते, संमतीपत्रावर तसं लिहिलेलंही असतं. दुर्बिणीवरून छाती उघडण्याकडे वळलेला सर्जन हरला, असं समजू नका. त्याने पेशंटचा जीव आधी धरला. नंतर गळ्यातली दोन टोकं हलकेच खाली ओढून सोडवतात आणि सगळा भाग पिशवीत घालून एका छेदातून बाहेर काढतात.

‘सगळा भाग’ हे शब्द महत्त्वाचे. जपानमध्ये मासाओका यांनी १९७० च्या दशकात आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये जॅरेट्झकी यांनी दाखवलं की थायमसचे सूक्ष्म तुकडे मुख्य ग्रंथीबाहेरही, आसपासच्या चरबीत आणि कधी गळ्यात, विखुरलेले असतात. शेंगदाण्याच्या कुटात सांडलेले तीळ वेचून काढता येत नाहीत, कूटच उचलावं लागतं, तशी ही चरबी सगळीच काढावी लागते. थायमस मागे राहिली तर आजाराला खतपाणी मिळत राहण्याची भीती असते. म्हणून कातडीवरचा छेद कितीही लहान असो, आतून निघणारा भाग मोठ्या ऑपरेशनात निघतो तेवढाच असला पाहिजे. लहान छेदातून अर्धवट काम झालं, तर पेशंटच्या पदरात व्रण न दिसण्यापलीकडे फार काही पडत नाही.

डावीकडून जावं की उजवीकडून, यावर सर्जनांची आपापली मतं आहेत. उजवीकडे जागा मोकळी मिळते आणि मोठ्या शिरा समोर दिसतात. डावीकडे ग्रंथीचा आणि चरबीचा जास्त भाग असतो आणि डावी फ्रेनिक नस नीट दिसते. काही जण दोन्ही बाजूंनी जातात. जपानी सर्जनांनी रुळवलेली आणखी एक वाट उरोस्थीच्या खालच्या टोकाशी, पोटाच्या वरच्या भागात छेद घेते. तिथून दोन्ही नसा दिसतात आणि बरगड्यांमधल्या नसांना धक्का लागत नाही, त्यामुळे नंतरचं दुखणं कमी होतं. माझ्या मते पेशंटने बाजूवर अडून बसू नये. तुमच्या सर्जनचा हात ज्या वाटेवर बसलाय ती तुमच्यासाठी चांगली.

रोबोटबद्दल एक गैरसमज सतत भेटतो. रोबोट स्वतः काहीही कापत नाही. सर्जन त्याच खोलीत थोडा दूर बसून हात आणि पाय वापरून त्याचे हात चालवतो. त्याला आतलं चित्र मोठं आणि त्रिमितीत दिसतं, हत्यारांची टोकं मनगटासारखी वळतात आणि हाताचा कंप आत पोचत नाही. उरोस्थीमागच्या चिंचोळ्या जागेत, विशेषतः गळ्याच्या टोकांशी आणि पलीकडच्या नसेजवळ, या गोष्टी खरोखर उपयोगी पडतात. खर्च मात्र वाढतो आणि अनुभवी हातांनी केलेल्या साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनापेक्षा मायस्थेनिया जास्त बरा होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. घर गहाण ठेवून रोबोटच हवा, असा हट्ट करण्याची गरज नाही.

गाठ असेल तर हिशेब थोडा बदलतो. थायमोमाचं कवच फुटलं तर त्याच्या पेशी छातीच्या अस्तरावर सांडून वर्षांनंतर तिथे गाठी उगवू शकतात. म्हणून गाठीला हत्यार न लावता, भोवतालच्या चरबीसकट ती अख्खी काढतात. साधारण पाच सेंटिमीटरपर्यंतची, आसपासच्या अवयवांत न घुसलेली गाठ अनेक केंद्रांत दुर्बिणीतून काढतात. मोठी किंवा रक्तवाहिनीत, फुप्फुसात, हृदयाच्या आवरणात शिरलेली गाठ असेल तर उरोस्थी कापणं हाच बहुतेक वेळा शहाणपणाचा मार्ग असतो. आणखी एक: थायमोमाच्या कित्येक पेशंटांना डोळ्यांचा वा स्नायूंचा त्रास जाणवतही नसतो, पण रक्तात अँटीबॉडी असते. ती तपासणी न करता गाठ काढली आणि भुलीनंतर पेशंटचा श्वासच परत येईना, असं घडू शकतं. गाठ दिसली की ही रक्ततपासणी ऑपरेशनआधी व्हायलाच हवी.

खरी लढाई भुलीच्या आधी

या ऑपरेशनातला सगळ्यात मोठा धोका मायस्थेनियाचं संकट, म्हणजे क्रायसिस. त्यात श्वासाचे स्नायू थकतात आणि पेशंटला व्हेंटिलेटर लागतो. त्यामुळे थायमस काढणं ही घाईची गोष्ट नाही. पेशंटला गिळता येतंय, श्वास पुरतोय, औषधांवर तब्येत स्थिर आहे, अशा वेळी तारीख ठरवायची. श्वासाची ताकद मशीनवर मोजतात. खाटेजवळ एक सोपी चाचणीही करतात, पूर्ण श्वास भरून एका दमात मोठ्याने अंक मोजायचे. २० पर्यंतही पोचता आलं नाही तर डॉक्टर सावध होतात. अशक्तपणा जास्त असेल तर ऑपरेशनआधी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी, शिरेतून देतात किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलतात. दोन्ही उपाय महाग आहेत. पण त्यांनी काही आठवड्यांची खिडकी उघडते आणि त्या खिडकीत ऑपरेशन सुरक्षित होतं. पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या ऑपरेशनच्या दिवशी किती आणि केव्हा घ्यायच्या, हे न्यूरॉलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचं असतं. पेशंटने स्वतःच्या मनाने त्या बंद करू नयेत.

भूलतज्ज्ञाचं काम इथे कसबाचं. स्नायू सैल करणारी नेहमीची औषधं या पेशंटांना नेहमीच्या मात्रेत दिली तर फार जास्त वेळ टिकतात. म्हणून ती टाळतात किंवा अगदी थोडी देतात आणि नसेला छोटे विजेचे झटके देऊन स्नायू किती उत्तर देतोय हे सतत मोजतात. रोक्युरोनियम हे औषध वापरलं असेल तर सुगॅमाडेक्सने त्याचा परिणाम उलटवता येतो. सर्जन निवडताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, भूलतज्ज्ञाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. या ऑपरेशनात तो प्रश्न पहिला असावा.

आणि घरी लिहून ठेवावी अशी एक यादी. जेंटामायसिन आणि अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, शिरेतून दिलं जाणारं मॅग्नेशियम, प्रोप्रॅनोलॉलसारखी काही रक्तदाबाची औषधं, मलेरियासाठीचं क्लोरोक्विन आणि क्विनीन: या औषधांनी मायस्थेनिया बळावू शकतो. आपल्याकडे साधा ताप-खोकला झाला तरी मेडिकलच्या दुकानातून अझिथ्रोमायसिन सहज घरी येतं. गडचिरोलीत किंवा कोकणात ताप आला की मलेरियाची गोळी सुरू होते. यातलं एखादं औषध खरंच गरजेचं असेल तर डॉक्टर नजर ठेवून देतात, पण त्यांना तुमचा आजार माहीत असायला हवा. मोबाइलमध्ये आणि पाकिटात ही यादी असली की रात्री-अपरात्री अनोळखी दवाखान्यात ती बोलते.

नंतरचे दिवस आणि नंतरची वर्षं

सगळं सुरळीत झालं तर ऑपरेशननंतर बहुतेकांची श्वासनळीतली नळी टेबलावरच किंवा काही तासांत निघते. पहिली रात्र सहसा आयसीयूत किंवा कडक देखरेखीत जाते. छातीत ठेवलेली नळी एक-दोन दिवसांत काढतात आणि तीन-चार दिवसांत घरी सोडतात, कधी त्याच्याही आधी. बरगड्यांमधून छेद घेतल्यामुळे तिथली नस काही आठवडे झोंबते, क्वचित जास्त काळ. घरी गेल्यावर धाप लागणं, गिळताना ठसका, खोकून कफ न निघणं, झोपलं की गुदमरणं यांपैकी काहीही दिसलं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

पुष्कळ पेशंट खचतात ते नंतरच्या महिन्यांत. ऑपरेशन झालं, मग पापणी का पडते? गोळ्या का चालू? थायमस काढली तरी आधी तयार झालेल्या अँटीबॉडी आणि त्या बनवणाऱ्या पेशी शरीरात असतातच. परिणाम महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी दिसतो. काहींची औषधं पूर्ण सुटतात, अनेकांची कमी होतात, काहींना फार फरक पडत नाही. कोण कुठल्या गटात जाईल हे आधी सांगता येत नाही. हे ऑपरेशनआधीच घरच्यांना ठाऊक असेल तर सहा महिन्यांनी ‘एवढा खर्च केला, काय उपयोग झाला’ असं पेशंटला ऐकावं लागत नाही. बाळाचा विचार करणाऱ्या मुलींनी तर ही वेळ हिशेबात धरावी: फायदा उशिरा मिळतो, म्हणून ऑपरेशन करायचं तर ते गर्भधारणेच्या पुरेसं आधी, आणि दिवस गेलेले असतील तर बाळंतपणानंतर.

हे ऑपरेशन सगळ्यांसाठी नाही. वर सांगितलेली अँटीबॉडी असलेल्या, साधारण पन्नाशीच्या आतल्या, अंगभर आजार असलेल्या पेशंटांना ते लवकर सुचवतात. मस्क नावाच्या दुसऱ्या अँटीबॉडीमुळे होणाऱ्या मायस्थेनियात त्याचा उपयोग दिसलेला नाही. फक्त डोळ्यांपुरता आजार असेल तर मतं वेगवेगळी आहेत.

आता प्रतिकारशक्तीचा प्रश्न. मोठेपणी थायमस काढली म्हणून पेशंट लगेच आजारांनी घेरला जात नाही, कारण लहानपणीच शिकून बाहेर पडलेल्या टी-पेशी दीर्घकाळ टिकतात. पण ग्रंथी मोठेपणी अगदीच निरुपयोगी असते, हा जुना समजही आता डळमळला आहे. बोस्टनमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, थायमस काढलेल्या प्रौढांची तुलना छातीचं इतर ऑपरेशन झालेल्यांशी केली. पाच वर्षांत पहिल्या गटात ८.१ टक्के मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २.८ टक्के, आणि कर्करोगाचं प्रमाणही पहिल्या गटात जास्त दिसलं. हा मागे वळून केलेला अभ्यास आहे, त्यावरून मायस्थेनियाच्या पेशंटने घाबरून ऑपरेशन नाकारावं असं मुळीच नाही. तिथे फायदा एका पक्क्या चाचणीतून सिद्ध झालाय. मात्र दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये थायमस जरा मोठी दिसली, एवढ्यावरून ती ‘दुर्बिणीतून सहज निघते’ म्हणून काढून टाकू नये. अशा वेळी एमआरआयने गाठ आणि नुसती सुजलेली ग्रंथी यांतला फरक बऱ्याचदा कळतो, काही महिन्यांनी पुन्हा पाहताही येतं. छेद लहान झाला म्हणून कारण लहान चालेल असं नाही.

सर्जनला भेटायला जाल तेव्हा विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, त्यांतले मायस्थेनियाचे पेशंट किती, न्यूरॉलॉजिस्ट त्याच ठिकाणी आहेत का, रात्री प्लाझ्मा बदलायची वेळ आली तर सोय आहे का, छाती उघडावी लागली तर तुम्हीच करणार का. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. सरकारी किंवा विम्याच्या योजनेत काय बसतं, विशेषतः इम्युनोग्लोब्युलिन आणि रोबोटचा खर्च धरला आहे का, हे भरती होण्याआधी लेखी घ्या.

काढलेला भाग पॅथॉलॉजीला जातो आणि त्याचा रिपोर्ट आठवड्या-दोन आठवड्यांत येतो. तो डिस्चार्ज कार्डाबरोबर मिळत नाही, मागाहून जाऊन घ्यावा लागतो आणि अनेक जण तो घेतच नाहीत. त्यात अनपेक्षित थायमोमा निघाला तर तो कवचाच्या आत होता का, कडा स्वच्छ आहेत का, यावर रेडिएशन लागेल का ते ठरतं, आणि पुढे किमान १० वर्षं स्कॅन करावे लागतात, कारण ही गाठ फार उशिराही परत येते. कामासाठी आफ्रिकेत जाणाऱ्यांनी हा रिपोर्ट पिवळ्या तापाची लस देणाऱ्या केंद्रात दाखवावा. थायमोमा किंवा मायस्थेनियामुळे थायमस काढलेल्यांना ती जिवंत विषाणूची लस देत नाहीत, त्याऐवजी सूट असल्याचं वैद्यकीय पत्र मिळतं.